जोडून देणाऱ्या बाई

रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर आपण हात करतो, पुढून डावीकडे म्हणून सांगतो नि मोकळे होतो. आमच्या बाई पत्ता विचारणाऱ्याच्या रिक्षातच बसायच्या. नगरच्या सावेडीत तेव्हा घरं नवी नवी उठत होती. गल्ल्यांना नावं पडली नव्हती, बंगल्यांना नंबर होते पण ते मालकाशिवाय कुणाला ठाऊक नसायचे. आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांचं. एखादा रिक्षावाला गिरणीपाशी थांबून वर मान करून काही विचारायचा, आणि बाई शिकवता शिकवता खडू ठेवून खाली पसार. वर्गातली पोरं माझ्याकडे बघायची, मी छताकडे. बऱ्याच वेळानं त्या उन्हातून पायी परत येताना दिसायच्या, पदर खोचलेला, चेहरा लालबुंद. आल्या की आम्हालाच दरडावायच्या, "बघताय काय? माणूस पोचला. कुठवर आलो होतो आपण?"

"बाई" हे मी आता म्हणतो. तोंडावर मॅडमच म्हणायचो, नाहीतर खैर नव्हती. परगावचे फोन जोडून देणाऱ्या नगरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ झाले, लोक आपले आपण मुंबई-दिल्ली लावायला लागले, तेव्हा ट्रंक बुकिंगचं काम आटलं. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पुण्याला जाऊन पोराटोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि पन्नाशीला टेकल्या असताना क्लास काढला. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वेबसाइट बनवून मिळतील." नगरात त्या वेळी वेबसाइट म्हणजे काय हे विचारायला येणारेच जास्त होते. बाई त्यांना चहा पाजून समजावून सांगायच्या, आणि ते चहा पिऊन निघून जायचे.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तिथे लागलो. गाव सोनई, राहायला खोली सावेडी नाक्याजवळ. मशीनमधलं बाईंपेक्षा मला जास्त कळायचं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्या पेन्सिलच्या मागच्या टोकानं की-बोर्ड बडवायच्या, कारण एक्स्चेंजमध्ये पेन्सिलनं डायल फिरवायची सवय. फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायच्या की खाली गिरणीवाल्याला हिशेब सुचायचा नाही. इंटरनेटला पुण्याचा नंबर लावावा लागायचा. मोडेम चिरकायला लागला की बाई डोळे मिटून कान लावायच्या आणि म्हणायच्या, "लागतंय, लागतंय... गेली. एंगेज." त्यांचं बरोबर निघायचं, ह्याचा मला भयंकर राग यायचा.

बोलणं सगळं एक्स्चेंजचं. गिऱ्हाईक म्हणजे "पार्टी". कुणी लांबण लावली की "शॉर्ट बोला". रागावल्या तरी आवाज ऑपरेटरचाच, सपाट. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "लाइन मोकळी नव्हती." एवढ्यावर विषय संपायचा.

पहिला क्लास दिल्ली गेटजवळ होता. तिथून सावेडीला आलो तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय ह्या बाईचा स्वभाव कळायचा नाही. पत्रकं आधीच वाटून झालेली, त्यांवर जुना पत्ता. मी म्हटलं, दारावर कागद चिकटवू. कागद लावला, तो दुसऱ्या दिवशी बकरीनं खाल्ला. मग बाईंनी खुर्ची मांडली. जुन्या जागेत तोवर बांगड्यांचं दुकान आलं होतं. त्या दुकानाच्या दारात सकाळी बाई बसायच्या नि संध्याकाळी मी. क्लासची चौकशी करायला कुणी आलं की त्याला सावेडीचा रस्ता सांगायचा, एवढंच काम. महिनाभर हे चाललं. बांगडीवाला आधी कावला होता. नंतर बायकांना बाईंचा शब्द पटतो असं त्याच्या ध्यानात आलं, नि तो मापं विचारायला त्यांनाच पुढे करू लागला. मी मात्र वैतागलो होतो. म्हटलं, "मॅडम, ज्याला शिकायचंय तो शोधत येईल." त्या म्हणाल्या, "त्यानं का शोधायचं? पत्ता आपण दिला. पत्ता देणं म्हणजे शब्द देणं आहे."

वेबसाइटच्या कामात हेच खूळ. आपण साइट नव्यानं मांडली, पानांची नावं बदलली, की जुनी नावं मरतात. कुणी जुन्या नावानं गेलं तर पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत येतं, सापडलं नाही. जगात सगळे हे चालवून घेत होते. बाईंना ते शिवी दिल्यासारखं लागायचं. "असं कोरडं कुणी सांगतं का? नाही तर नाही, पण कुठं गेलं ते तरी सांगा." मग मला बसवायच्या. प्रत्येक जुन्या नावाचं एक चिमुकलं पान करायचं, त्यात दोन ओळी अशा घालायच्या की उघडणारा आपोआप नव्या पानावर जाईल. जग ह्याला रिडायरेक्ट म्हणतं. बाई म्हणायच्या, "जोडून दे." एका दूधसंस्थेनं साइट तीनदा बदलली आणि मी तीनदा सगळी पानं जोडत बसलो. ती साइट बघायला संस्थेचा चेअरमनसुद्धा यायचा नाही.

ह्या जोडून देण्यातून एकदा नसती आफत ओढवली. अकोले तालुक्यातल्या एका माणसाचं भंडारदऱ्याला लॉज होतं. त्याचं पान आम्ही केलं होतं. पुढे लॉज बंद पडलं, त्यानं पान काढायला सांगितलं. बाईंना ते जिवावर आलं. मुंबईची पार्टी पान उघडणार आणि तिला कोरडा नकार मिळणार? एक्स्चेंजमध्ये ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, त्याला पीपी नंबर म्हणायचे. बाईंनी तोच न्याय लावला. त्या लॉजच्या शेजारी दुसरं लॉज होतं, त्याचंही पान आमच्याकडेच. बंद लॉजचा पत्ता त्यांनी शेजारच्या लॉजला जोडून दिला. ते लॉज त्याच्या सख्ख्या भावाचं होतं, आणि दोघांची कोर्टात चालली होती.

तो माणूस जीप करून नगरला आला. जिन्यातूनच त्याचा आवाज आला. "मॅडम, माझ्या नावानं आलेलं माणूस तुमी त्याच्या घरात घालता?"

"मग काय दारात उभं ठेवू?" बाई म्हणाल्या.

"ठिवा ना उभं. माझं दार हाय."

बाईंनी त्याला चहा दिला, जोडलेलं पान माझ्याकडून काढून घेतलं, आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "कोत्या मनाचा माणूस." मला मनातून त्या माणसाचं पटलं होतं. पण बोललो नाही, पगार व्हायचा होता.

आता वधू-वर मंडळाकडे येतो. आमच्या समाजाचं मंडळ होतं. चालवणारे काका कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. भला माणूस, पण तोंडाचा सैल. मुलं पुण्या-मुंबईला नोकऱ्यांना लागलेली, काही परदेशी गेलेली, म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. मुलींच्या घरचे फोटोला आणि नावाला तयार नव्हते. तेव्हा असं ठरलं की प्रत्येक मुलीचं एक पान, त्यावर नंबर, शिक्षण, उंची, नोकरी, वडिलांचं गाव, एवढंच. साइटवर यादी नाही. ज्या घरात स्थळ सुचवायचं त्या घराला काका एक छापील स्लिप द्यायचे, तिच्यावर त्या पानाचा पत्ता. नंबराला जोडून दोन-तीन आडवीतिडवी अक्षरं असायची, त्यामुळे अंदाजानं कुणाला पान उघडता यायचं नाही. मंडळात बोलायची रीतही तशीच. नाव उच्चारायचं नाही, नंबरावर बोलायचं. "अमुक नंबर रिकामा आहे का?" "नाही, त्याची बोलणी चाललीत." काका हे रस्त्यातसुद्धा असंच बोलायचे, ऐकणाऱ्याला वाटावं रेल्वेचं रिझर्वेशन चाललंय.

घोडं अडलं ते ह्या नंबरांवर. मेळाव्यात एका मुलीची आई काकांवर उखडली. "माझ्या मुलीचा नंबर सतरा. स्लिप बघून लोक विचारतात, सतरा म्हणजे मंडळ निघालं तेव्हापासूनची बसलेली का?" बाकीच्या आयांनी मान डोलावली. खरंच होतं. नंबर जेवढा लहान तेवढी मुलगी जुनी, हे सगळ्यांनी बिनबोभाट ओळखलं होतं. काकांनी लगेच ठरवलं, दरवर्षी मेळावा झाला की सगळ्या मुलींना नवे नंबर, जुनी पानं पुसून टाकायची.

बाई कडाडल्या. "लोकांच्या घरात जुन्या स्लिपा आहेत. कुणी सहा महिन्यांनी उघडेल. मुलगी बघायला गेले आणि 'सापडली नाही' म्हणून लिहून आलं? कुणाच्या लेकीबद्दल असं लिहून यायला नको." काकांना ते पटलं. मी आठवडाभर बसून सगळी जुनी पानं नव्या पानांना जोडली. बाईंनी वर आपल्या मनानं एक भर घातली. प्रत्येक नव्या पानाखाली ओळ टाकली, "जुना नंबर अमुक." लोकांना ताडून बघता यावं म्हणून. टेलिफोनचे नंबर बदलले की असं छापतात, म्हणाल्या. म्हणजे जे झाकायला एवढा खटाटोप केला, तेच बाईंनी खाली छापून दिलं. पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यात आयांची रांग लागली. गिरणीवाल्याला वाटलं, रेशन आलं. बाईंनी कुरकुरत ती ओळ काढायला लावली. जोडणी मात्र ठेवली.

सुषमा आली ती त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी. वीज गेली होती, गिरणी बंद, म्हणून जिन्यातली तिची पावलं ऐकू आली. तिशी उलटलेली, दवाखान्यात स्टाफ नर्स, ड्यूटीवरून थेट आलेली. हातात डबा. "जयभीम मॅडम," म्हणाली, आणि उभ्यानंच आपला मंडळातला नंबर सांगितला. "माझा जुना पत्ता बंद करा. तो कुठंच जायला नको."

बाई म्हणाल्या, "बस आधी. अगं, बंद केला तर उघडणाऱ्याला काय दिसेल माहितेय? सापडलं नाही."

"तेच दिसायला पाहिजे मला."

मग तिनं सांगितलं. वडिलांनी मंडळात नाव घातलं, पहिली स्लिप ज्या घरात गेली तिथेच जमलं, साखरपुडा झाला. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. साखरपुड्यानंतर तो दर रविवारी नगरला यायचा नि तिच्या वॉर्डात बाकावर बसायचा. ती कुठल्या डॉक्टरशी बोलली, कुठल्या पेशंटला हसली, ते संध्याकाळी म्हणून दाखवायचा. महिनाभर तिनं सहन केलं, मग अंगठी परत पाठवली. मंडळानं नवा नंबर दिला, दुसरं स्थळ आलं, बोलणी पुढे गेली, आणि एक दिवस त्या लोकांनी फोन घेणंच बंद केलं. तिसऱ्या स्थळाचं तेच. दोन्ही घरी निनावी फोन गेले होते.

"त्याला कळतं कसं?" बाईंनी विचारलं.

"त्यानंच मला फोन करून सांगितलं. नंबर किती बदल, म्हणाला, माझ्याकडे तुझी पहिली स्लिप आहे. ती उघडली की नवं पान आपोआप येतं. नवा नंबर मिळाला की तो मंडळात फोन करतो, मुलाकडचा म्हणून. अमुक नंबर रिकामा आहे का विचारतो. काका सांगतात, नाही, अमक्या गावच्या अमक्यांकडे बोलणी चाललीत." तिनं डबा टेबलावर ठेवला. "आता चौथं स्थळ आहे, सोनईचं. मला बरं वाटलंय ते. तेही गेलं तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही, मॅडम."

 वीज आली, खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं. बाईंनी पेन्सिल हातातून खाली ठेवली.  मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि कीव आल्याबद्दल माझाच राग आला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "एक्स्चेंजला असताना ट्रंक कॉल आला की मी आधी समोरच्या पार्टीला विचारायची. अमक्या गावाहून अमक्यांचा कॉल आहे, घेता का? पार्टी नाही म्हणाली तर कॉलच्या तिकिटावर लिहायचं, बोलण्यास नकार. विचारल्याशिवाय मी आयुष्यात एक लाइन जोडली नाही. आणि इथं तुमच्या सगळ्यांच्या लाइनी न विचारता जोडत बसले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काढ तिचं आधी." मी मोडेम लावला. सुषमा माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. जुनं पान पुसलं, त्याला ठाऊक झालेला चालू नंबरही बदलला, मग तिच्या पहिल्या स्लिपवरचा पत्ता टाकून बघितला. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत आलं, सापडलं नाही. तिनं दोनदा वाचलं नि डबा उचलून गेली.

त्या दिवसापासून बाईंनी नवीनच उद्योग काढला. मंडळातल्या एकेका मुलीला फोन. बापाला नाही, मुलीला. "तुझा जुना पत्ता आहे, तो नव्या पानाला जोडून ठेवू का बंद करू?" बाप फोनवर आले की म्हणायच्या, "मुलीला द्या. शॉर्ट बोलायचंय." काही मुलींना प्रश्नच कळायचा नाही. एक पाथर्डीकडची मुलगी म्हणाली, "असं पान आहे हेच मला आज कळतंय." बऱ्याचजणींनी राहू द्या सांगितलं, बऱ्याचजणींनी बंद करा सांगितलं, आणि काहींनी फोन ठेवण्यापूर्वी पुन्हा पुन्हा विचारलं, मी सांगितलं म्हणून खरंच बंद करणार ना? काका तणतणत आले. "घरच्यांना सोडून मुलींना कसले फोन करता? मंडळ माझं आहे." बाई म्हणाल्या, "मंडळ तुमचं. लाइन त्यांची." त्या वर्षी मंडळाचं काम आमच्या हातून गेलं. चहापेक्षा किटली गरम, असं काका आमच्याबद्दल गावभर सांगत होते.

काम जायच्या आधी, सुषमानं ज्याची अंगठी परत पाठवली तो मुलगा स्वतः ऑफिसात येऊन गेला. मला वाटलं होतं गुंड असेल. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, आवाज मऊ, हातात पेढ्यांचा पुडा. बाईंच्या पुढे स्लिप ठेवून म्हणाला, "मॅडम, ही लिंक तुटलीय. तुम्ही लिंका तुटू देत नाही असं ऐकलंय."

"पार्टीनं बोलायला नकार दिलाय," बाई म्हणाल्या.

"कुठली पार्टी? मी कॉम्प्युटरचं विचारतोय."

"मी मुलीचं सांगतेय."

"मला एकदाच बोलायचंय तिच्याशी. नवा नंबर सांगा फक्त. माझा हेतू वाईट नाही."

"हेतू विचारायची आमच्यात पद्धत नाही. घेणारा घेतो का, एवढंच विचारतात. पेढे घेऊन जा." तो पुडा उचलून जिना उतरला. जाताना मला नमस्कारही केला.

संध्याकाळी काकांचा फोन, बाईंना झापायला. "घरी आलेल्या माणसाला तुम्ही हाकलून देता? बिचारा माझ्याकडे आला. पश्चात्ताप झालाय म्हणत होता त्याला. मुलीचं भलं होऊ दे म्हणाला. मी सांगितलं, काळजी करू नको, सोनईला चांगल्या घरात बोलणी चाललीत." काकांनी घराचं नावसुद्धा सांगून टाकलं होतं. बाईंनी फोन ठेवला आणि लगेच सुषमाच्या वॉर्डात लावला. "त्याला कळलंय. तो फोन करायच्या आत तू स्वतः जा नि सगळं सांग. झाकायचं काही नाही तुझ्याकडे. मी येते बरोबर."

सुषमाचे वडील तयार नव्हते. साखरपुड्याचं त्यांनी सोनईला सांगितलंच नव्हतं. विचारलं तर सांगू, असं त्यांचं धोरण. आणि मुलीनं स्वतः उठून मुलाच्या घरी जायचं, हे त्यांना मरणप्राय वाटत होतं. ती त्यांना सांगून निघाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं घोडेगावला उतरलो आणि तिथून जीपनं सोनईला. घर आमच्याच वस्तीतलं म्हणून मी वाटाड्या. मुलगा हायस्कूलला शिक्षक. त्याच्या आईला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. उसाच्या फडात आयुष्य काढून तिनं दोन मुलं शिकवली होती, आणि तिच्यापुढे मोठमोठे गडी सरळ बसायचे.

मावशीनं पाणी दिलं. मुलाचा चुलताही बसलेला होता. सुषमानं पेला खाली ठेवला आणि एका दमात सांगितलं. साखरपुडा झाला होता, मी मोडला, का मोडला, आता तो मुलगा जिथे तिथे फोन करतो, तुम्हालाही येईल. सांगताना आवाज नीट होता, पण हात मांडीखाली दाबून धरले होते.

"आल्ता की," मावशी म्हणाली. "सकाळीच आल्ता."

सुषमानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"लई ग्वाड बोलत हुता. मुलगी अशी हाय न् तशी हाय. मी म्हनलं, बाबा, तू कोन? नाव सांग. तर म्हनतो, हितचिंतक. म्हनलं, हितचिंतकाला आईबापानं नाव ठिवलं न्हाई व्हय? तर ठिवला त्यानं फोन." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "ज्याला सोताचं नाव सांगाया येत न्हाई, त्याचं काय मनावर घ्यायचं? तू आपल्या तोंडानं सांगितलंस, आमाला तेवढं पुरं."

चुलत्यानं मांडीवर थाप मारली. "मग ठरलं म्हणायचं. मंडळाला कळवून टाकू."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या घरात त्यांचं नात्याचं कुणी नव्हतं, बोलायचा काही अधिकार नव्हता. "मुलीला कुणी विचारलंय का?"

 खरंच कुणी विचारलं नव्हतं, तिनंच इथवर यायचे कष्ट घेतले तरी. सुषमानं उंबऱ्याजवळ बसलेल्या मुलाकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मला नाइट ड्यूटी असते."

तो म्हणाला, "ठाऊक आहे. मी न्यायला येईन म्हणालो तर चालेल, का तेही वॉर्डात बसल्यासारखं होईल?"

ती पहिल्यांदा हसली. पण हो म्हणाली नाही. "मला दोन दिवस द्या," म्हणाली. चुलता चुळबुळला, मला वाटलं आता बिनसतंय.

"चार घे," मावशी म्हणाली. "पन उत्तर तू सोता दे. बापाला धाडू नगं."

सुषमा तिसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात आली. घरून फोन करायचा तर वडील शेजारी बसून ऐकणार, म्हणून इथे. बाईंनी सोनईचा नंबर लावला, पलीकडे रिंग गेलेली ऐकली, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि मला दंडाला धरून जिना उतरवला. आम्ही दोघं गिरणीत पिठाच्या धुरळ्यात उभे राहिलो. मी म्हटलं, "काय सांगत असेल?" बाई म्हणाल्या, "आपल्याला काय करायचंय?" आणि लगेच जिन्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं. गिरणीवाल्यानं विचारलं, दळण आणलंय का, तर त्याच्यावर खेकसल्या.

शेवटी सुषमा खाली आली. गिरणीच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागलं.

"हो झालं, मॅडम."

"कोण म्हणालं हो?" बाईंनी तितक्याच मोठ्यानं विचारलं.

"मी."